किल्ल्या कोणाच्या कमरेला?

आमच्या गावच्या मराठी ग्रंथालयाची वार्षिक सभा यंदा गाजली. महाराष्ट्रापासून दूर, परभाषी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या संस्थांत वार्षिक सभा म्हणजे बहुधा जमाखर्चाचे वाचन, चहा, चिवडा आणि आभारप्रदर्शन. या खेपेस मात्र विषयपत्रिकेवर एक नवाच विषय होता. ग्रंथालयाचे संकेतस्थळ नाहीसे झाले होते. प्रथम काही आठवडे त्यावर ग्रंथालयाच्या नावाखाली कसल्याशा औषधांच्या आचरट जाहिराती झळकल्या; मग नुसते पांढरे पान; आणि शेवटी तेही गेले. ज्या कंत्राटदाराने ते उभारले होते त्याने धंदा बदलला होता. संकेतस्थळाचे नाव त्याने स्वतःच्याच नावे नोंदले होते आणि त्याचे वार्षिक शुल्क कोणीच भरले नव्हते. संकेतस्थळाबरोबर आमची ग्रंथसूचीही गेली. एका निवृत्त शिक्षिकेने चार वर्षे, रोज दुपारी, कपाटांतील एकेक पुस्तक खाली काढून ती सूची टंकित केली होती. ज्या घरांनी ती पुस्तके देणगीदाखल दिली, त्यांतील कित्येक घरे आता या गावात उरलेलीही नाहीत. सभेत त्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, "मी टंकलेले गेले कुठे?"

उत्तर कोणापाशीच नव्हते. अमेरिकेतील 'इंटरनेट अर्काइव्ह' ही संस्था जगभरच्या संकेतस्थळांची पाने टिपून ठेवते; तिच्या संग्रहात आमची दहापाच पाने सापडली. त्यांत अध्यक्षांचे छायाचित्र होते, शताब्दी सोहळ्याचा वृत्तान्त होता, सूची नव्हती. ती शोधपेटीच्या आड होती, आणि पाने टिपणारे यंत्र शोधपेटीत शब्द भरून पाहत नाही.

यानंतर सभेने जो ठराव बहुमताने संमत केला, त्याच्याविरुद्ध हा लेख आहे. ठरावाचा आशय असा: 'संकेतस्थळ फुकटच्या प्रणालीवर उभारल्यामुळे ही आपत्ती ओढवली, सबब यापुढे एखाद्या प्रतिष्ठित कंपनीची विकतची सेवा घ्यावी.' विरुद्ध मते तीन पडली, त्यांतले एक माझे. येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. हे संकेतस्थळ उभारले गेले तेव्हा संस्थेचा चिटणीस मीच होतो. कंत्राटदाराच्या बिलावर सही माझी आहे, आणि सही करताना मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. तेव्हा पुढे जे कठोर शब्द येतील, त्यांतला पहिला वाटा माझा.

आमचे संकेतस्थळ वर्डप्रेस या मुक्तस्रोत आशय-व्यवस्थापन प्रणालीवर उभे होते. तिला 'फुकटची' म्हणून हिणवणाऱ्यांना मी प्रथम त्यांच्याच मातृभाषेची आठवण करून देतो. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने मोकळे आणि विनामूल्य असे दोन्ही अर्थ सांगावे लागतात. त्यामुळे मुक्त संगणक-आज्ञावलीचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना आपले म्हणणे पटवताना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन स्वच्छ, निरनिराळे शब्द आहेत. असे असूनही आम्ही त्यांची गल्लत करतो, ती भाषेच्या दारिद्र्यामुळे नव्हे, विचाराच्या आळसामुळे. फुकट वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मुक्त वस्तूवर देणाऱ्याचीही मर्जी चालत नाही.

याचा पुरावा या प्रणालींच्या जन्मकथेतच आहे. मिशेल वाल्द्रिगी नावाच्या फ्रेंच तरुणाने २००१ साली 'बी-टू' नावाची एक आज्ञावली लिहिली आणि काही काळाने तिच्याकडे पाठ फिरवली. ती वापरणाऱ्यांत टेक्ससमधील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता आणि इंग्लंडमधील माइक लिटल हे होते. कोणाची परवानगी मागत बसण्याचे त्यांना कारण नव्हते; कारण ती आज्ञावली 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याखाली होती. १९८९ साली स्टॉलमन यांनी प्रथम प्रसिद्ध केलेला हा परवाना म्हणतो: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा; मात्र बदलून वाटाल तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. या दोघांनी टाकलेले काम उचलले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात. २००५ साली 'माम्बो' या प्रणालीच्या मालकीवरून वाद झाला तेव्हा तिचे लेखक सारे काम घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी 'जूमला' उभारली. हे नाव स्वाहिली भाषेतून घेतलेले आहे. त्याचा अर्थ सर्व मिळून. मूळ अरबीतला हाच शब्द आपल्या जुन्या जमाखर्चाच्या कागदांत एकूण बेरजेसाठी येतो. अँटवर्पचा विद्यार्थी ड्रीस बायटार्ट याने २००१ साली ड्रूपल जगाच्या हवाली केली. 'मनोगत', 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' ही मराठी संकेतस्थळे त्याच पायावर उभी राहिली. फुकटच्या वस्तूंचा असा वंश वाढत नसतो.

मग आमचे संकेतस्थळ का बुडाले? नाचता येईना अंगण वाकडे, हेच त्याचे खरे उत्तर. दोष तीन होते, आणि त्यांपैकी एकही प्रणालीचा नव्हता.

पहिला दोष किल्ल्यांचा. संकेतस्थळाला तीन कुलपे असतात: नावाची नोंदणी म्हणजे डोमेन, ज्या सर्व्हरवर सारी सामग्री राहते ती जागा, म्हणजे होस्टिंग, आणि प्रणालीच्या आतील प्रशासकाचे खाते. आमच्या तिन्ही कुलपांच्या किल्ल्या कंत्राटदाराच्या खिशात होत्या. ग्रंथालयाच्या इमारतीचे खरेदीखत आम्ही बँकेच्या तिजोरीत ठेवतो, त्यावर विश्वस्तांची नावे आहेत की नाहीत हे वकिलाकडून तपासून घेतो. आणि ज्या घरात साऱ्या जगाने आम्हांला भेटावे, त्याचे खरेदीखत एका परक्या माणसाच्या नावे करून देतो! विकतची सेवा घेतल्याने हा दोष जाईल काय? तेथे तर किल्ल्या त्या कंपनीकडेच असतात, आणि त्या मागण्याचा हक्कही ग्राहकाला नसतो.

दुसरा दोष हरताळाचा. अशा प्रणालीत आशय एकीकडे असतो आणि त्याचे रूप दुसरीकडे. लेख, सूची, चित्रांच्या नोंदी डेटाबेसमध्ये; रंग, मांडणी, अक्षरांचे आकार थीममध्ये; आणि शोध, सभासद-नोंदणी अशा जादा सोयी प्लगइनमध्ये. थीममध्ये आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करावयाचा तर त्याची रीत ठरलेली आहे. मूळ थीमला हात न लावता तिच्या शेजारी एक 'चाइल्ड थीम' करायची आणि आपले फेरफार तेवढे तिच्यात लिहायचे. मूळ थीमची नवी आवृत्ती आली तरी आपले काम शाबूत राहते. आमच्या कंत्राटदाराने मूळ फायलींतच खाडाखोड केली होती. जुने लेखनिक पोथीतील चुकीच्या अक्षरांवर हरताळ फासत. परंतु स्वतःची टीका ते समासात लिहीत, संहितेवर नव्हे. याने संहितेवरच लिहिले. परिणामी, थीम अद्ययावत केली की त्याने केलेले सारे पुसले जाणार. म्हणून त्याने सोपा मार्ग पत्करला. त्याने अद्ययावत करणेच बंद केले.

तिसरा दोष याच्याच पोटचा. वर्डप्रेस २०१३ सालच्या ३·७ आवृत्तीपासून किरकोळ आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः होऊन बसवून घेते. आमच्याकडे ती सोय मुद्दाम बंद केलेली होती. जुन्या प्लगइनमधील उघड झालेली भगदाडे शोधत फिरणारी यंत्रे रात्रंदिवस जगभर हिंडत असतात. त्यांना आमच्या ग्रंथालयाशी वैर नव्हते, त्यांना उघडे दार सापडले. आणि चोरी झाल्यावर परत मांडामांड करावी, तर बॅकअप नव्हता. डेटाबेसची एक प्रत महिन्यातून एकदा उतरवून ग्रंथपालाच्या कपाटात ठेवण्यास काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. चार वर्षांच्या दुपारी त्या काही मिनिटांअभावी बुडाल्या.

यावर सभेतील एका तरुण सभासदाने निराळाच मार्ग सुचविला: संकेतस्थळाची यातायात हवी कशाला? फेसबुकवर पान आहे, व्हॉट्सॲपवर गट आहे, तेवढे पुरे. या मताला मोठा पाठिंबा मिळाला, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे. समाजमाध्यम ही दुसऱ्याच्या वाड्याची ओसरी आहे. तेथे गप्पा जरूर माराव्यात. दप्तर ठेवू नये. जिओसिटीज २००९ साली मिटले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, आणि त्यावर रंगलेल्या मराठी समूहांची संभाषणे त्याच्याबरोबर गेली. व्हॉट्सॲपवर पाठवलेली सूची तीन दिवसांत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडली जाते. पुस्तक शोधणाऱ्या वाचकाला ती सापडत नाही, आणि जो आपल्या गटात नाही त्याला ती आहे हेही कळत नाही.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुक्तस्रोत म्हटले की सत्ता संपली असे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या सहसंस्थापकांचा डब्ल्यूपी एंजिन या होस्टिंग कंपनीशी वाद विकोपाला गेला, आणि थीम व प्लगइन यांच्या मध्यवर्ती भांडाराची वाट त्या कंपनीला बंद करण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला तेव्हा ती वाट पुन्हा उघडली. आज्ञावली मुक्त असली तरी तिचे कोठार एकाच्या हाती असू शकते, हा धडा त्यातून घ्यावा. परंतु त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे, की त्या वादात कोणाच्याही संकेतस्थळातील आशय हिरावला गेला नाही, आणि ज्याच्यापाशी आपला डेटाबेस होता त्याला दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलविण्याची मोकळीक होती. २०१८ साली वर्डप्रेसने लेखनाची नवी पद्धत आणली. ती न रुचलेल्यांनी 'क्लासिकप्रेस' ही निराळी शाखा काढली. विकतच्या, बंदिस्त सेवेचा मालक बिघडला तर असा कोणता मार्ग उरतो? तेथे भाडेकरूला घर सोडता येते, घर घेऊन जाता येत नाही.

आता त्या मुद्द्याकडे येतो, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याचा सभेत उच्चारही झाला नाही. ही प्रणाली बदलता येते, याचा आम्हां मराठी माणसांना उपयोग काय? उपयोग हा, की तिला मराठी करता येते. ते आम्ही केले नव्हते. आमच्या शंभर वर्षांच्या मराठी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक परिच्छेदाखाली 'रीड मोअर' असे बटण होते! थीममधील असे शब्द भाषांतराच्या एका स्वतंत्र फायलीत ठेवलेले असतात. 'पुढे वाचा' हे दोन शब्द तेथे लिहिण्यास प्रोग्रामर लागत नाही, मराठी येणारा माणूस लागतो. पानाने स्वतःची भाषा मराठी आहे असे ब्राउझरला सांगावयाचे असते. आमचे प्रत्येक पान आपण अमेरिकन इंग्रजी आहोत असे सांगत होते. याचा परिणाम केवळ तात्त्विक नाही. ज्या टंकांत मराठी वळणाचा 'ल' आणि मराठी वळणाचा 'श' यांची सोय असते, ते टंक ही खूण पाहूनच ती वळणे वापरतात. आणि अंध वाचकांना पान वाचून दाखवणारी यंत्रे हीच खूण पाहून आवाज निवडतात. सुंदर दिसतो म्हणून निवडलेला एखादा टंक 'ऱ्य' नीट दाखवीत नाही. मग 'आचाऱ्यांना' बोलावले की 'आचार्यांना' हे पंगतीला बसल्यावरच कळायचे.

असे आणखी किती सांगावे! वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून त्याचा पत्ता तयार करते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, कानामात्रेसकट, त्या पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचे रूप घेते आणि पत्त्यासाठी राखलेली जागा दोनशे चिन्हांची असते. म्हणजे बावीस चिन्हांपुढे मराठी मथळा कापला जातो. उपाय सोपा आहे, संपादकाने आटोपशीर पत्ता स्वतः द्यावा. पण तो सोपा उपायही माहीत असावा लागतो. सूचीचा क्रम पाहा. डेटाबेसच्या सर्वसाधारण क्रमात 'क्ष' हा 'क'च्या पोटात जातो आणि 'ळ' हा 'ल'ला चिकटून येतो. मराठी वाचक मात्र 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' यांना 'ह'नंतर शोधतो. 'क्षितिज'ने सुरू होणारे पुस्तक त्याला शेवटी सापडले नाही, तर ते ग्रंथालयात नाही असे समजून तो परत जातो. हा क्रम सुधारण्याची आज्ञा कोण लिहिणार? परदेशी कंपनीला त्याचे सोयरसुतक नाही आणि बंदिस्त प्रणालीत आपल्याला ती मुभा नाही. मुक्त प्रणालीत मुभा आहे. उणीव आहे ती इच्छेची.

आमच्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील संस्थांना तर आणखी एक गरज आहे. आमच्या घरांतील तिसरी पिढी मराठी समजते, पण वाचताना अडखळते. आमचे शेजारी गुजराती, हिंदी, कन्नड वा तेलुगू वाचतात. एकच सूची दोन लिप्यांत दिसावी, हे आमचे मागणे चैनीचे नाही. ड्रूपलने नोव्हेंबर २०१५ मध्ये निघालेल्या आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिकतेची सोय आपल्या गाभ्यातच घेतली आहे. वर्डप्रेसमध्ये ती प्लगइनने मिळते. संकेतस्थळाचे नावही २०१४ पासून '.भारत' अशा देवनागरी रूपात घेता येते. इतकी साधने दाराशी असताना आम्ही म्हणतो, आमच्यात कोणाला यातले कळत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे खरे. पण आड खणायला कोणी मनाई केली होती?

बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले तेव्हा संस्थानात त्यातले कोणाला कळत होते? महाराजांनी त्याच्याकडून ग्रंथालये बांधून घेतली आणि त्यावर समाधान मानले नाही. ग्रंथपाल तयार करणारे शिक्षणवर्ग त्याच्याकडूनच सुरू करविले. बॉर्डन काही वर्षांत परत गेला. विद्या मागे राहिली. तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसलेकुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला, तो तमिळ मुलखाच्या उन्हापावसात दोनशेहून अधिक वर्षे टिकून आहे. आमची सूची तितकी वर्षे टिकावी असा माझा हट्ट नाही. पण संगणकावरचा मजकूर दगडाप्रमाणे एकदा कोरून सोडून देता येत नाही, त्याला तुळशीसारखे रोज पाणी घालावे लागते, एवढे आम्ही समजून घ्यायला हवे होते. दगडाला शिल्पी एकदाच लागतो. याला घरचेच माणूस लागते.

म्हणून पुढील सभेत मी पर्यायी ठराव मांडणार आहे. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावे असावे, आणि त्यांची कागदपत्रे खरेदीखताशेजारी तिजोरीत राहावीत. कंत्राटदार अवश्य नेमावा, त्याला योग्य मोबदला द्यावा. मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळाली तरी श्रम विनामूल्य नसतात. परंतु त्याचे पहिले काम आमच्या दोन सभासदांना शिकविणे हे असावे, आणि त्या दोघांपैकी एक तिशीच्या आतला असावा. फेरफार चाइल्ड थीममध्येच व्हावेत. दर महिन्याला बॅकअप घ्यावा आणि वर्षातून एकदा त्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहावे. कारण न उघडलेली पेटी भरलेली आहे असे समजणे हा भाबडेपणा आहे. आणि शेवटी, थीमचे वा प्लगइनचे जे शब्द आम्ही मराठीत आणू, ते त्या प्रणालीच्या सार्वजनिक भाषांतरात परत द्यावेत, म्हणजे इंदूर, हैदराबाद वा धारवाडच्या मंडळाला तेच काम पुन्हा करावे लागणार नाही. ज्या विहिरीचे पाणी प्यायलो, तिचा गाळ काढण्यास हात लावणे ही कृपा नव्हे. तो पाणी पिण्याचाच भाग आहे.

हा ठराव पडेल अशी भीती मला आहे. पैसे देऊन निर्धास्त होण्याचा मोह मोठा असतो. मीही त्याला एकदा बळी पडलो आहे. इतर गावांच्या मराठी मंडळांना माझी विनंती इतकीच, की त्यांनी आमच्या ठरावाची वाट पाहू नये. आपल्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे, आणि त्याची शेवटची प्रत कोठे आहे, हे दोन प्रश्न त्यांनी आजच आपल्या चिटणिसांना विचारावेत. चिटणीस गोंधळले, तर त्यांना दोष न देता कामाला लागावे. आमच्या त्या शिक्षिकाबाईंनी परवापासून पहिल्या कपाटापासून पुन्हा टंकनास आरंभ केला आहे. त्यांचे वय पाहता तिसऱ्यांदा ते काम त्यांच्याकडून मागण्याचा अधिकार आम्हांला नाही.